लीलाबाईंची दोनशे पानं

सांडूअण्णांनी तीस वर्षं कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप केले. आधी टाइपरायटरवर, पुढे मुलानं, संघपालनं, घेऊन दिलेल्या पाटीएवढ्या लॅपटॉपवर. टाइप करताना त्यांची नजर कळांकडे कधी गेली नाही, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

काम सुटल्यावर त्यांनी नवीनच उद्योग काढला. बायकोनं, लीलाबाईंनी, आपली हकिगत सांगायची आणि अण्णांनी ती टाइप करायची. लासूर स्टेशनचं माहेर, रुळावरून पळणारी शेळी, लग्नात भांडलेला मामा. सहा वर्षांत दोनशे पानं झाली. छापून घ्यावं, तर रोज भर पडायची. पुरं झालं की छापू, असं म्हणता म्हणता बाई विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारीण, मग संघपाल.

तरी दुपारच्या चहानंतर कधीतरी अर्धा तास त्यांना सगळं उमगायचं. तेव्हा अण्णा पानं वाचून दाखवायचे आणि बाई खुदकन हसायच्या. "व्हय, ती शेळी लई द्वाड व्हती!" त्या अर्ध्या तासासाठी अण्णा जगत होते, दुसरं काही नाही.

पण लॅपटॉप असला मठ्ठ, की उघडायलाच वीस मिनिटं. आधीपासून चालू ठेवावा तर तापून आपोआप बंद. तो जागा होईस्तोवर बाई पुन्हा भिंतीकडे बघत बसलेल्या असायच्या.

शेवटी अण्णांनी तो औरंगपुऱ्यात सुदर्शनच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"काका, ह्याची हार्ड डिस्क मरायला टेकली. नवी डिस्क टाकतो, एसएसडी, विंडोज नवं टाकतो, मशीन पळंल. आतलं काय काय ठेवायचं?"

"माझं लिखाण तेवढं संभाळा. बाकी समदा कचरा."

चूक झाली ती इथं. अक्षरं लिखाणातच असतात, असंच अण्णांना आयुष्यभर वाटत आलं. पण दाबलेल्या कळांची पडद्यावर अक्षरं करणारा त्यांचा मराठी फॉन्ट वेगळा होता. टायपिंग क्लासच्या मास्तरांनी कुठल्या कळेला कुठलं अक्षर हे आपल्या पद्धतीनं ठरवून तो बनवून दिला होता, आणि तो अण्णांनीच सांगितलेल्या कचऱ्यात गेला. मास्तर तर कधीच वारले होते.

घरी लॅपटॉप चुटकीसरशी उघडला. अण्णा हरखले. फाइल उघडली, तर दोनशे पानांवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम.

ते तसेच रिक्षानं दुकानात परत. सुदर्शननं बिचाऱ्यानं पाच-सहा फॉन्ट लावून पाहिले. अक्षरं मराठी झाली, शब्द काही झाले नाहीत. जुनी डिस्क जोडली, ती दोनदा कटकटली आणि गप्प झाली.

"काका, फाइली तर समद्या आल्या व्हत्या..." एवढंच तो म्हणाला. बाकी समदा कचरा, असं अण्णा स्वतःच्याच तोंडानं सांगून आले होते.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. बाईंनी कप ठेवला, अण्णांकडे नीट बघितलं. "अवो, वाचा की."

अण्णांनी लॅपटॉप उघडला, पडद्यावर तीच इंग्रजी अक्षरं. पण तेवढ्यात त्यांना सुचलं, ही अक्षरं म्हणजे आपण दाबलेल्या कळाच की! पडद्यावर इंग्रजी ई होता. त्या कळेवर बोट ठेवलं, बोट म्हणालं, म. पुढं के. काना. जन्मात कळांकडे न बघितलेला माणूस एकेक कळ शोधत बसला.

"मा... माहे... माहेर..."

"व्हय, पुढं?"

पुढं कुठली कळ? बोटं भराभर चालली की बरोबर चालायची, थांबून विचारलं की गोंधळायची. एक ओळ लागायला पाऊण तास गेला.

"माहेर माझं लासूर स्टेशनचं. आमची एक शेळी व्हती." अण्णांनी घाईनं सगळी ओळ एका दमात वाचली आणि आशेनं वर बघितलं.

लीलाबाईंनी पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"कोन बाई हाय ही?" त्यांनी विचारलं.

"लई चांगली बाई हाय," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या ओळीची कळ शोधू लागले.