हराळी आणि कोंब

आमच्या अक्काला, म्हणजे अंबूबाईला, काहीही पटवायचं तर आधी उसात शिरावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या गावी सहा एकर ऊस तिनं एकटीनं पिकवला. नवरा फौजेत होता, आता मुलगा जयराजही फौजेत. उसाच्या एका कांडीवर कोंब फुटायचा एकच डोळा ठेवून लागण, म्हणजे लावणी, करायची पद्धत गावात तिनंच आणली. लोक हसले, ऊस मात्र उभा राहिला. घरात तिच्या शब्दापुढे बोलायची कुणाची टाप नाही. मी धाकटी बहीण, पण मीही तिला वचकून असते.

तिची सून शिवांजली एकतीस वर्षांची. दर महिन्याला पोरगी पोट धरून लोळायची आणि बायका सांगायच्या, "मूल झालं की थांबंल." या वाक्याचा मला भारी राग आहे. मूल होत नव्हतं म्हणून शेवटी सोनोग्राफी केली, तर दोन्ही बीजकोशांत जुन्या रक्ताच्या गाठी निघाल्या. अक्कानं लगेच साताऱ्यात ऑपरेशनची तारीख घेतली. जयराज रजेवर आला होता. त्याच्या हट्टापायी तिघं आधी सांगलीला, विश्रामबागेत माझ्याकडे आली.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. शिवांजलीची स्त्रीबीजं वयाच्या मानानं फारच थोडी उरली होती. त्या म्हणाल्या, "गाठी काढताना उरलेली बीजंही कमी होऊ शकतात. आधी इंजेक्शनं देऊन बीजं काढून घेऊ, बाहेर गर्भ तयार करू. गाठींचं नंतर बघू."

अक्का तडकली. "रोग आत ठिवून पोर? आवं बाई, आदी रान साफ करत्यात, मग लागण!"

शिवांजलीनं त्या दिवशी पहिल्यांदा सासूला उत्तर दिलं. "आत्या, ऊस उगवलेल्या सरीत हराळी खणली तर कोंबबी जातोच की. माजं कोंबच थोडं हायती."

घरी आल्यावर अक्कानं चहा तसाच बाजूला ठेवला. मग स्वतःच फोन लावून तिनं साताऱ्याची तारीख रद्द केली.

पुढचे बारा दिवस इंजेक्शनच्या वेळी ती सुनेचा हात धरून बसायची, तोंड मात्र भिंतीकडे. बीजं निघाली तीन. त्यांतून गर्भ तयार झाला एकच. पुढच्या रजेत आत सोडायचा म्हणून तो गोठवून ठेवला. एवढ्या सोसण्यानंतर एकच! मला रडूच आलं. "अक्का, एकच गं," मी म्हटलं.

अक्कानं पदर खोचला. "येका डोळ्याची लागण मी काय पैल्यांदा करतीया व्हय?"