एक ते चार

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात एक गृहस्थ माझ्या शेजारच्या डेस्कवर बसत. मूळचे पुण्याचे. घराच्या दारावर त्यांनी मराठीत पाटी लावली होती: ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.’ त्या वेळी ते स्वतः ऑफिसात असत आणि त्या रस्त्यावर मराठी वाचणारं कोणी नव्हतं. पण असल्या क्षुल्लक कारणांसाठी तत्त्व सोडणाऱ्यांतले ते नव्हते.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास ते रिटायर झाले आणि पुण्याऐवजी स्पेनला गेले. कारण विचारलं, तर म्हणाले, “हवा पुण्यासारखी, अख्खा देश दुपारी झोपतो आणि नातेवाईक एकही नाही. स्वर्गात याहून जास्त काय असतं हो?” कधी या म्हणून मात्र म्हणाले नाहीत.

दोन वर्षांनी आम्ही हॉलिडेला त्यांच्याच गावाजवळ गेलो होतो. मी मुद्दाम न कळवता, दुपारी तीन वाजता त्यांच्याकडे गेलो. गल्ली चिडीचूप, सगळ्या खिडक्या बंद. दारावर तीच मराठी पाटी. मी बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, नीट पाडलेला भांग.

“पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?” ते कडाडले.

मी सॉरी म्हणून वळलो, तर त्यांनी माझी बाही धरली. “झोपमोड केलीच आहे, तर आता बसा.”

सात वाजता सुटलो. निघताना त्यांनी बजावलं, “उद्या पुन्हा तीनला बेल वाजवलीत, तर याद राखा.”

इतकं अगत्याचं आमंत्रण त्यांनी आयुष्यात कोणाला दिलं नसेल.