आबांच्या फोनमधली जागा

धाकट्या भावाचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. तो बंगळुरूला असतो, दिवाळीला चार दिवस येतो, आणि त्या चार दिवसांत आबा, आमचे वडील, माझ्याशी वर्षभरात जितके हसत नाहीत तितके त्याच्याशी हसतात. मी मात्र दोंडाईच्यात आबांसोबत सुक्या मिरचीच्या दुकानात बसतो. शिंकतो, खोकतो आणि बसतो.

मागच्या उन्हाळ्यात मी आबांच्या फोनमध्ये बाजारभावाचं एक ॲप टाकून दिलं. कुठल्या बाजारात मिरची काय भावानं गेली, ते घरबसल्या कळावं म्हणून. उतरवताना त्यावर तीस एमबी लिहिलं होतं, ते आबांनी चष्मा लावून वाचलं. संध्याकाळी फोन कुरकुरायला लागला, जागा भरली म्हणाला. मी सेटिंग उघडून दाखवलं तर तेच ॲप शंभराच्या पुढे.

आबांचा चेहराच बदलला. सगळं आयुष्य काट्यासमोर गेलेला माणूस. "जेनं माप बाहेर येगळं नि घरमा येगळं," ते म्हणाले, "तेले दारमा उभा करू नको."

मी समजावलं. म्हटलं, आबा, आपण मिरची पोत्यात तुडवून भरतो, पोतं सोडलं की ती फुगून खोलीभर होते, तसंच हे.

"मिरची फुगस," आबा म्हणाले. "वजन वाढस का?"

त्यांनी मला ते ॲप काढून पुन्हा उतरवायला लावलं. गिऱ्हाइकाला शंका आली तर आपण पोतं परत काट्यावर ठेवतोच की, तसं. पुन्हा तोललं. येताना तीसच, बसल्यावर शंभराच्या पुढे. जरा वेळ भाव बघितले तर आणखी वाढलं. आबांनी लबाडी पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, जणू ते ॲप मीच बनवलं होतं. मग ते काढून टाकायला लावलं, कायमचं.

रात्री जेवणाच्या वेळी धाकट्याचा व्हिडिओ कॉल आला. आबांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "आबा, ते येताना घडी घालून येतं. फोनमध्ये आलं की उलगडतं. मूळ गाठोडंही टाकून देत नाही, जवळच ठेवतं. आणि तुम्ही वापराल तसे भाव, चित्रं साठवत जातं, दर वेळी नव्यानं आणायला नको म्हणून."

"हां," आबा म्हणाले, "आते समजनं."

आते समजनं! संध्याकाळपासून मी काय सांगत होतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यात धाकट्यानं भर घातली. त्याच्या कंपनीचं नवं ॲप आलं होतं, शहरातल्या लोकांना घरपोच भाजी पाठवणारं. त्यातली काही पानं त्यानं स्वतः केलेली. आबांना ते लगेच हवं झालं. मी म्हटलं, आबा, त्यांची गाडी दोंडाईच्यापर्यंत येत नाही, आपल्याला त्याचा उपयोग काय? आबांनी ऐकलंच नाही. मापाचं तर नावही काढलं नाही. माझं ॲप लबाड आणि याचं घरचं! पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

फोन ठेवल्यावर मी ॲप उतरवायला बसलो. जागा पुरेना. आबा म्हणाले, फोटो कमी कर. मी एकेक फोटो पुढे सरकवत गेलो आणि ते बघत गेले. धाकट्याचा पदवीचा फोटो. राहू दे. धाकट्याचा ऑफिसातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला. राहू दे. त्याच्या पोरीचे डझनभर, सगळे एकसारखे, तेही राहू दे.

मग माझा आला. दसऱ्याला दुकानात काट्याची पूजा करताना, कपाळावर गंध, मागं मिरचीचा ढीग. बायकोनं काढलेला. मला स्वतःला तो आवडायचा.

"हाऊ काढी टाक," आबा म्हणाले.

माझं बोट थांबलं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, "तुना फोटो कसाले पाहिजे? तू तं रोज समोरच शे."

मी तो काढला. लांब राहणाऱ्याचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.