इतक्या दुरून आलेला

हिंगण्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपली की आम्ही बायका कंपनीच्या बसने घरी निघायचो. माझ्या शेजारी बसणारी पॅकिंगमधली मैत्रीण मोबाइलवर परग्रहवासीयांचे सिनेमे पाहायची. एकदा मी विचारलं, "यातला खरा कोणता वाटते वं तुले?"

ती म्हणाली, "आल्याबरोबर लढाई करतात, ते सारे खोटे. इतक्या दुरून आलेल्याच्या अंगात जोर कुठून राहीन? एकात तो उतरला अन् झाडाखाली नुसता बसून राहिला. तो पटला मले."

मला हसू आलं नाही. ती रोज रामटेकहून पहाटेची एसटी धरून कामावर यायची. बोलता बोलताच तिचा डोळा लागला. सिनेमा चालूच होता. मी तो बंद केला आणि मोबाइल तिच्या पिशवीत ठेवला.