पाव्हण्याला शेपूट

लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आमच्याकडे विलायती कुत्रं आलं. माझे मालक पलटणीत होते. त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं आपलं कुत्रं यांच्या हवाली केलं. हे रजेवर आले ते एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात साखळी धरूनच. कडेगावच्या बाजूला आमचं गाव. तिथं कुत्रं म्हणजे उकिरड्यावर लोळणारं, शेपूट वर वळलेलं. याच्या अंगावर तर मेंढीसारखी लोकर, आणि डोळ्यांवर केसांची झालर.

"ह्याला दिसतंय तरी का?" आत्याबाईंनी विचारलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. "आन् हे घरात येनार न्हाई, आदीच सांगते."

रजा संपली. जाताना हे मला एवढंच म्हणाले, "थंड मुलखातलं जनावर हाय. उन्हाचं जप त्याला."

जपायचं म्हणजे काय करायचं, ते सांगायला वेळ नव्हता. मी साताऱ्यात वाढलेली, कुत्रं कधी पाळलेलं नाही. मदतीला एकट्या वन्सं, माझी धाकटी नणंद. वन्सं आणि मी एकत्र आलो की आम्हाला हसायला कारण लागत नसे. आत्याबाईंनी कुत्र्याला घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या छपरात बांधायला लावलं, तेव्हा वन्संनी त्याच्या गळ्यात सुतळीनं कांदा बांधला. ऊन बाधू नये म्हणून माणसं टोपीत कांदा ठेवतात, मग कुत्र्यानं काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. कुत्रं दिवसभर शिंकत राहिलं. शेवटी आम्ही कांदा सोडला.

वैशाखातली एक दुपार. आत्याबाई माजघरात आडव्या झालेल्या. मी भांडी घाशीत होते, तोच वन्सं धावत आल्या.

"वैनी, कुत्रं कसंतरीच करतंय!"

जाऊन बघते तो वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला. पाण्याचं भांडं उलथलेलं. कुत्रं आडवं पडून धापत होतं, जीभ लालभडक होऊन बाहेर लोंबत होती, तोंडातून चिकट लाळ गळत होती. हाक मारली तर कान हलला नाही. अंगाला हात लावला तर चटकाच बसला. यांना काय सांगू?

रांजण रिकामा, घरात पाणी होतं ते घागरीच्या तळाशी. तेवढं गोणपाटावर ओतलं, कुत्र्याला त्यात घेतलं आणि झोळी करून दोन्हीकडून उचललं. पाणी मळ्यातल्या विहिरीवर, आणि मळा गावाबाहेर. आम्ही अनवाणीच पळत सुटलो. फुफाट्यानं पाय भाजत होते. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

पारावर म्हातारी माणसं सावलीला बसली होती. नवी सून बोडक्या डोक्यानं, झोळीत कुणाला तरी घेऊन पळतेय म्हटल्यावर ती उठलीच.

"आगं, कुनाला काय झालं?"

"पावना हाय!" वन्सं पळता पळता ओरडल्या. "ऊन लागलंय!"

मग काय विचारता! काठ्या टेकीत सगळा पार आमच्या मागं. एक जण आमच्या घराकडं वर्दी द्यायला गेला. मळ्याच्या बांधावर झोळी एका बाजूनं सुटली आणि मागून आवाज आला, "आरं गड्या, पावन्याला शेपूट हाय की!"

मला रडू फुटत होतं आणि त्यातच हसू आलं. हसायला लागलं की हातातला जोर जातो. वन्सं ओरडत होत्या, "वैनी, आत्ता नगा हसू!" आणि स्वतःच फिदीफिदी हसत होत्या.

विहिरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोटेचे बैल सोडण्याच्या बेतात होते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर शब्द काढला नव्हता. आणि आता बांधावरून किंचाळले, "मामंजी, बैल सोडू नका! पाणी काढा!"

मामंजी एवढे दचकले की मुकाट्यानं बैल पुन्हा धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या उतारावर, घेतले. मोट वर आली आणि थारोळ्यात, म्हणजे मोटेच्या दगडी हौदात, धबाधबा पाणी पडलं.

"एकदम बुडवू नगा," ते म्हणाले. "पोटाला लावा आदी, पायाला लावा."

मी ओंजळीनं पोटावर पाणी सोडत राहिले. वन्सं पदरानं वारा घालत होत्या. आणखी दोन मोटा झाल्या. मग कुत्र्यानं जीभ आत घेतली, माझ्या तळहातावरचं थोडं पाणी चाटलं. पुन्हा चाटलं. आणि मग उठून उभंच राहिलं, अंग असं काही झाडलं की मामंजींच्या मुंडाशापासून पारावरच्या सगळ्या मंडळींपर्यंत एकही कोरडा राहिला नाही.

तेवढ्यात आत्याबाई आल्या, धापा टाकीत, हातात पन्ह्याचा तांब्या. "कुठं हायती पावनं? कुनाकडचं म्हनायचं?"

कुत्रंच शेपूट हलवीत पुढं गेलं आणि त्यांच्या लुगड्यात ओलं तोंड खुपसून उभं राहिलं. आता काठी बसते की काय, म्हणून मी डोळे मिटले.

"आवं, हे तर उन्हानं पोळल्यालं जनावर!" आत्याबाई म्हणाल्या. "त्या पत्र्याखाली बांदलं कुनी ह्याला?"

त्यांनीच बांधायला लावलं होतं, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. पन्हं म्हाताऱ्यांनीच वाटून घेतलं. वन्संनी मला थारोळ्यात ढकललं, मी त्यांना ओढलं, आणि नऊवारीसकट आम्ही दोघी पाण्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मामंजी तोंड फिरवून बैलांना वैरण घालत होते, पण त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

त्यानंतर कुत्र्याला उजाडायच्या आत आणि ऊन कलल्यावरच बाहेर काढायचं ठरलं. दुपारभर ते माजघरात रांजणापाशी, ओल्या गोणपाटावर. घरातली सगळ्यात गार जागा ती, आणि आत्याबाईंची निजायची जागाही तीच. थोडे दिवस "सरक की रं, मुडद्या" असं चाललं. मग एका दुपारी आम्ही दारातून डोकावलो, तर दोघंही घोरत होती, आणि आत्याबाईंचा हात त्या लोकरीवर होता.