रावसाहेबांच्या वाड्यातल्या कमलताई

नाट्यस्पर्धेत आमच्या आयटी कंपनीला कधीच बक्षीस मिळालं नाही. किस्से मात्र दर शनिवारच्या तालमीला ढिगानं मिळायचे!

त्या वर्षी एका जुन्या सरदार घराण्याचं नाटक होतं. सगळ्यांना रावसाहेब नाहीतर बाईसाहेब व्हायचं होतं. मोलकरीण व्हायला कोणी तयार नाही. एक जण तर म्हणाली, "माझ्या सासरचे येणारेत हो बघायला!"

आमचे दिग्दर्शक लिमये सर सदाशिव पेठेतले. शांतपणे म्हणाले, "मग वाड्यातली भांडी अमेरिकेचा क्लायंट येऊन घासणार का?"

शेवटी पॅन्ट्रीत चहा करणाऱ्या कमलताईंना गळ घातली.

त्यांचं वाक्य एकच. रावसाहेबांनी "कोण आहे रे तिकडे?" म्हणून गरजायचं आणि यांनी "मी आहे जी" म्हणत पाणी आणायचं. रावसाहेब म्हणजे आमचा मॅनेजर प्रसाद. क्लायंटशी बोलून बोलून सवयच अशी, की तांब्या हातात आला रे आला की "थँक यू!"

कमलताई म्हणाल्या, "सर, पॅन्ट्रीत कधी म्हणत नाही. इथं बरं आठवतं तुम्हाला!" प्रसाद एवढासा झाला. पण सोमवारपासून पॅन्ट्रीतही म्हणायला लागला, हेही सांगायला हवं.

नोकरांनी धन्यासमोर बसायचं नाही, असं सरांनी सांगितलेलं. कमलताई चहाच्या सुट्टीतही उभ्याच! सर वैतागले, "अहो, बसा आता! पेशवाई बुडाली केव्हाच!"

"आमच्याकडे कोणी कळवलं नाही, सर."

एवढ्या तिखट जिभेची बाई, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी डोळे भरलेले. लेक स्वाती इंजिनिअरिंगला. "म्हणते, तिथंही तू पाणीच देणार, मग मी कशाला येऊ? मैत्रिणींना सांगितलंय तिनं, आई आयटीत आहे म्हणून." नाटकात मी बाईसाहेब होते, पण त्या दिवशी मीच त्यांना पाणी आणून दिलं. फार वाईट वाटलं.

प्रयोगाला तिसऱ्या रांगेत स्वातीसाठी राखून ठेवलेली खुर्ची रिकामीच होती. दुसऱ्या अंकात कमलताई तांब्या घेऊन वाड्याच्या दाराशी उभ्या, आणि तेवढ्यात स्वाती प्रेक्षागृहात आली. मागोमाग तीन मैत्रिणी!

रावसाहेब गरजले, "कोण आहे रे तिकडे?"

कमलताई लेकीकडे बघत थिजल्या. सर विंगेतून वाक्य पुरवतायत, पण यांच्या तोंडून शब्द फुटेना. प्रसादनं घाबरून पुन्हा विचारलं, "अरे, कोण आहे तिकडे?"

तिसऱ्या रांगेतून मोठ्यानं उत्तर आलं, "माझी आई आहे!"