न उचलायचा फोन

टॅक्सीत बॅगा चढल्या आणि बाबांनी मला पुन्हा घरात बोलावलं. सारा जन्म बँकेत कारकुनी केलेला माणूस. निरोपाला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. "मिनू, खात्याचा नंबर कुणाला देऊ नकोस." आईचं वेगळंच. "रोज उठले की मिस कॉल देईन. उचलू नकोस, उगाच पैसे पडतात. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोनदा दिला, तर काहीतरी झालंय समज."

तेव्हा मला दोघांचंही हसू आलं होतं. दुसऱ्याच वर्षी बाबा गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. त्यानंतर पुण्यात आई एकटी आणि इकडे परदेशात, लोअर हटला, मी. हिवाळ्यात दुपारी साडेबाराला, म्हणजे तिच्या सकाळी सहाला, फोन एकदा वाजून गप्प व्हायचा. मग मी डबा उघडायचे.

अशात फोन कंपनीचा ईमेल आला. क्रेडिट कार्डावरून ऑटोपे करणाऱ्यांची सवलत बंद. हवी असेल तर बँकेचं खातं जोडा. माझं डोकंच फिरलं. कार्डाचे पॉइंट साठवून मी पुण्याचं तिकीट काढायचे, आणि यांना थेट माझ्या खात्यात हात घालायचा होता! हेल्पलाइनवरच्या पोरीशी मी तावातावाने भांडले. ती शेवटपर्यंत गोड बोलली आणि सवलत काही दिली नाही. रागाने मी ऑटोपेच बंद केलं. हाताने भरीन म्हटलं, बाबांची मुलगी शोभते असंही वाटलं, आणि भरायचं साफ विसरले. कंपनीचे पुढचे ईमेल तर न वाचताच उडवत होते.

मग तो शनिवार. साडेबारा वाजले, पावणेएक झाला, फोन गप्प. एकला मी आईला लावला, तर रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, तुमची सेवा थांबवली आहे. घरचं इंटरनेट त्याच कंपनीचं, तेही गेलेलं. आईने रिंग दिली होती की नाही, हे कळायला मार्गच उरला नव्हता. बाबांच्या वेळचं सगळं आठवलं. पावसात, पायात जँडल्स, म्हणजे घरातल्या रबरी चपला, तशाच, मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, इथल्या किराणा दुकानात, धावले.

डेअरीवाल्या हंसाबेननी माझं तोंड पाहिलं आणि आपला फोन पुढे केला. "ले बेटा, पहले बात कर."

आई उचलेना. तीनदा लावला. अनोळखी परदेशी नंबर उचलायचा नाही, हे मीच तिला घोकून घोकून शिकवलं होतं. ती पडली असेल, दाराला आतून कडी असेल, असलंच सगळं डोळ्यांपुढे येत होतं. मग सुचलं. एक रिंग, कट. पुन्हा एक रिंग, कट.

मिनिटभरात हंसाबेनचा फोन वाजला. मिस कॉलपलीकडे जन्मात कधी परदेशी फोन न केलेली माझी आई पलीकडून ओरडत होती, "मिने, काय झालं गं? बोल लवकर!"

"काही नाही आई, फोन बंद पडला होता."

"सकाळपासून लावतेय. रिंगच जात नाही, कोणी बाई इंग्रजीत बोलते नुसती." आणि ती रडायला लागली. "तिकडे रिंग गेली ना, की तू आहेस असं कळतं मला. मग मी चहा ठेवते. आज अजून ठेवला नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या रिंगेतून मलाच तिची खुशाली कळते.

"ठेव आता, पैसे पडतायत," ती म्हणाली. "उद्या देते."

हंसाबेनच्याच फोनवरून मी कंपनीला ऑटोपेसाठी, बाबांनी जपायला सांगितलेला खात्याचा नंबर वाचून दाखवला. एकेक आकडा सांगताना मनात त्यांची माफी मागत होते.

तिकडे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी हल्ली पुणेही म्हणत नाही आणि लोअर हटही. घर दुपारी साडेबाराला असतं. दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं आधीपासून मी फोन समोर ठेवून बसले होते. तो वाजला. मी उचलला नाही, आणि तिकडे आईने चहा ठेवला.